मदत हवी आहे: सॉमरसेटच्या वेलिंग्टनला गाडीशिवाय कसं जायचं?

असईची लढाई (1803) जिंकणारा आर्थर वेलस्ली पुढे ज्या गावाच्या नावाने ड्यूक झाला, ते वेलिंग्टन इंग्लंडात सॉमरसेटमध्ये आहे. गावाबाहेर टेकडीवर त्याचं स्मारक आहे, सुमारे 53 मीटर उंच तिकोनी स्तंभ. बाबा जालन्याचे, असई त्याच जिल्ह्यात, त्यामुळे 'असईवाल्याचा खांब' बघायचाच, हा हट्ट त्यांचा.

रेल्वेच्या अ‍ॅपवर वेलिंग्टन टाकलं, तिकीट काढणारच होतो, तेवढ्यात कंसातलं 'श्रॉपशायर' दिसलं. म्हणजे भलत्याच वेलिंग्टनला उतरलो असतो! हर्फर्डशायरमध्ये आणखी एक आहे. (न्यूझीलंडची राजधानी आणि निलगिरीतली छावणी निदान ड्यूकच्या नावावरून तरी आहेत, ही इंग्लंडातली दोन आपली स्वतंत्र.) सॉमरसेटवाल्याचं स्टेशन 1964 मध्येच बंद झालं होतं.

आता ठरलंय ते असं: रेडिंगहून टॉन्टनपर्यंत ट्रेन, तिथून बसने गावात. अडतंय पुढे. स्मारक गावापासून पाचेक किलोमीटर, सगळा चढ. बाबा 72 वर्षांचे, गुडघे दुखतात, सपाटीवर अर्धा तास आरामात चालतात. आमच्यात गाडी कोणीच चालवत नाही. मुक्काम करायचा नाही, आठवड्यातला कुठलाही दिवस चालेल.

कोणी गेलं असेल तर सांगा: टॅक्सी गावात मिळते की टॉन्टनहूनच ठरवावी, ती वर थांबते का, आणि पार्किंगपासून स्तंभापर्यंतची वाट पावसानंतर चिखलाची होते का?