बॅश टॅब कम्प्लिशन: = च्या पुढे काहीच सुचवत नाही, मदत हवी आहे

पारलेकर:
पगारपत्रक काढायच्या स्क्रिप्टला बॅशमध्ये (कमांड टाइप करून चालवायचं शेल) टॅब कम्प्लिशन, म्हणजे टॅब दाबल्यावर उरलेला शब्द भरून मिळणं, लिहितोय. --फॉरमॅट= पर्यंत टॅब बरोबर भरतो. पुढे पीडीएफ, सीएसव्ही यायला हवं, तिथे ढिम्म! उद्या अकाउंट्सवाल्यांना द्यायचंय, लवकर सांगा.

गिरगावकर:
फंक्शन टाका की इथे. त्याशिवाय काय सांगणार?

मासोळी:
बॅशऐवजी फिश शेल घ्या. मॅन पेज (कमांडचं मदतपान) वाचून ऑप्शन्स स्वतःच सुचवतं.

गिरगावकर:
त्यांच्या स्क्रिप्टला मॅन पेज आहे कुठे? आणि अकाउंट्सच्या प्रत्येकाचं शेल बदलायचं?

मासोळी:
नसलं तर हाताने एकेक ओळ लिहायची. बॅशपेक्षा सोपंच आहे. वापरून बघा, मग बोला.

पारलेकर:
लोकलमध्ये उभा आहे, कोड टाकता येत नाही. कॉम्पजेन -डब्ल्यू ला (यादीतून जुळणारे शब्द काढणारी कमांड) "--फॉरमॅट=पीडीएफ --फॉरमॅट=सीएसव्ही --महिना" अशी यादी दिलीय. कॉम्प_वर्ड्समधून (टाइप केलेल्या ओळीचे शब्द यात असतात) चालू शब्द घेतो, बस.

नीलांबरी:
मॅक की लिनक्स? बॅशचं व्हर्जन? मॅकसोबत अजून ३.२ च येतं. पुढची व्हर्जन्स जीपीएल ३ या लायसन्सखाली आली, ती ॲपलने घेतलीच नाहीत. २०१९ पासून तर मॅकवर डिफॉल्ट झेडशेल हे दुसरंच शेल आहे.

पारलेकर:
उबुंटू सर्व्हर. बॅश ५.

नीलांबरी:
मग दोष यादीचा नाही, शब्द तोडण्याचा आहे. कॉम्प_वर्डब्रेक्समध्ये (शब्द कुठे तोडायचे त्या चिन्हांची यादी) = असतं आणि बॅश ४.० पासून कॉम्प_वर्ड्स त्यावरही तुटतं. म्हणजे --फॉरमॅट=पी चे तीन शब्द होतात: --फॉरमॅट, =, पी. नुसतं = टाइप करून टॅब दाबलात तर चालू शब्दच =. यादीतलं एकही नाव = ने सुरू होत नाही, म्हणून गप्प.
चालू शब्द = असेल तर तो रिकामा धरा आणि त्याच्या मागे --फॉरमॅट आहे का पाहा. मागचा शब्द = असेल तर त्याच्याही मागचा पाहा. दोन्ही वेळी यादी फक्त "पीडीएफ सीएसव्ही" द्या.

गिरगावकर:
कॉम्प_वर्डब्रेक्समधून = काढून टाकलं तरी चालेल की.

नीलांबरी:
नको. ते अख्ख्या शेलला लागू होतं, दुसऱ्या कमांड्सची कम्प्लिशन्स बिघडतील.

पारलेकर:
घरी येऊन केलं, चाललं! आता --महिना नंतर स्पेस देऊन महिने सुचवायचेत. तिथेही हेच?

नीलांबरी:
तिथे = नाही. मागचा शब्द थेट --महिना मिळेल, त्यावर केस (शब्द बघून वेगळी यादी देणारी अट) लावा.

मासोळी:
फिशमध्ये हे एका ओळीत होतं.