थायरॉइडच्या गोळ्या आणि सर्जरीचा फोन
गोळ्या संपत आल्यात आणि जीपीच्या सर्जरीत (फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यात) फोन लागत नाही, असं तुम्ही म्हणालात. फोनच्या मागे लागू नका. एनएचएस (ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा) ॲपमध्ये रिपीट, म्हणजे नेहमीच्या औषधांची यादी दिसते, तिथूनच मागणी पाठवा. जवळची फार्मसी एकदा निवडून ठेवली की प्रिस्क्रिप्शन थेट तिथे जातं. मी आठवड्याच्या गोळ्या शिल्लक असतानाच मागवते. मध्ये बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) आला की उशीर होतो. अगदीच संपल्या तर १११ या एनएचएसच्या मदत क्रमांकावर फोन करा, पण डोस चुकवू नका.

आणि हे नक्की करा: थायरॉक्सिन (थायरॉइडची गोळी) कायम चालू असेल तर इंग्लंडमध्ये सर्जरीतून एफपी९२ए हा औषधांचं शुल्क माफ होण्याचा फॉर्म मिळतो. तो भरला की ५ वर्षांचं माफीपत्र येतं, मग प्रिस्क्रिप्शनची सगळीच औषधं मोफत, नुसती थायरॉइडची नव्हे. मला कुणी सांगितलंच नव्हतं, दोन वर्षं पैसे भरत राहिले.