पुदिन्याचा चहा: तुमच्याकडे कसा करतात?

परसातली: काल भाजीवालीने कोथिंबिरीबरोबर पुदिन्याची काडी फुकट टाकली पिशवीत. घरी येऊन पान चुरडलं आणि थेट गुहागरची न्हाणी आठवली. सांडपाण्याच्या पाटाशी पुदिना नुसता माजलेला असायचा. गणपतीत मोदक चापून पोटं फुगली की आजी आठदहा पानं हाताने फाडून पेल्यात टाकायची, वर उकळतं पाणी आणि लगेच ताटली. पाच मिनिटं ताटलीला हात लावायचा नाही, "वास गेला की गुण गेला". साखर नाहीच, फार तर मध. लिहा तुमचे पण.

दापोलीकर७२: आजी बरोबर होत्या, त्या वासाचं तेल वाफेबरोबर उडतं. मी वर्षभर खळखळा उकळवत होतो, चारा उकडल्यासारखं लागायचं.

जांभा: दूध नसेल तो चहा नाही, काढा आहे. (पळतो)

सुमी_रत्नागिरी: गॅसवर मलाही बरा पडतो, आणि चहापत्ती नसल्याने रात्री घेतला तरी झोप उडत नाही. पण ऍसिडिटीवाल्यांनो जपून हां, मला छातीत जळजळ वाढली, डॉक्टर म्हणाले पुदिन्याने अन्ननलिकेच्या खालची झडप सैल पडते. आता आलं घालून गवती चहाच घेते.

मालवणी माणूस: आमच्या हयसर पुदिनो खय रवता, पावसात कुसान जाता. मागल्यादारी गवती चहा असता तोच. बाकी बांगडे काय भाव गावले आज?

सुमी_रत्नागिरी: बांगड्यांचं नाव काढू नका, चतुर्थी आहे 😭

दापोलीकर७२: एक राहिलं, बाजारात मिळतो तो आपला पुदिना बहुतेक स्पिअरमिंट. पाकिटावर पेपरमिंट लिहिलेलं ते वेगळं, त्यात मेंथॉल जास्त, म्हणून घशाला गार लागतं.

बाल्कनीवाली: ठाण्यात तीनदा कुंडी मेली माझी. काय करू?

परसातली: अगं जुडीतल्याच जाड दांड्या घे, खालची पानं काढ आणि पाण्यात ठेव, आठदहा दिवसांत पांढरी मुळं येतात. मग कुंडीत लाव पण भोक मोठं हवं, पाणी साचलं की गेला. आणि एकटाच लाव, शेजारच्याला जगू देत नाही तो.

बाल्कनीवाली: मुळं आली होती गं! नवऱ्याने शिळं पाणी म्हणून मोरीत ओतलं, दांड्यांसकट.