रायगडावरचा वाघ्या : राहावा की हलवावा?

मांडवीकाठ (डिचोली)
गेल्या महिन्यात आम्ही घरची मंडळी रायगडला जाऊन आलो. जगदीश्वराचं दर्शन घेऊन शिवाजी महाराजांच्या समाधीशी आलो, तर शेजारी उंच चौथऱ्यावर वाघ्या, म्हणजे महाराजांचा म्हणून सांगतात त्या कुत्र्याचा पुतळा. भाचीने विचारलं, "मामा, ह्याने खरंच महाराजांच्या चितेत उडी घेतली?" मला उत्तर देता येईना. परतताना बांदा येईस्तोवर गाडीत तोच वाद.

माझं मत स्पष्ट आहे. हे स्मारक समाधीजवळून हलवावं. महाराज गेले 3 एप्रिल 1680 रोजी, वाघ्याचं स्मारक झालं 1936 साली. सभासदाची बखर 1697 च्या सुमाराची, महाराजांच्या पदरी राहिलेल्या माणसाची. तिच्यात हा कुत्रा नाही. आपल्या नार्व्याला सप्तकोटेश्वराच्या देवळाच्या दारावर महाराजांनी 1668 मध्ये केलेल्या जीर्णोद्धाराचा लेख आहे, बोट ठेवून वाचता येतो. महाराजांच्या बाबतीत मला असा आधार हवा.

सत्तरीची लेक
पटलं नाही दादा. बाबा वारले तेव्हा आमचा मोती तेरा दिवस त्यांच्या खाटेखालून हलला नव्हता. पेज पुढे ठेवली की नुसता बघायचा. अशा जिवाची आठवण राजाच्या पायाशी असली तर राजाला कमीपणा येतो का? साखळीच्या दत्ताला हात जोडताना त्याच्या पायाशी बसलेल्या कुत्र्यांनाही आपण नमस्कार करतोच ना!

आणि कुत्र्याचं स्मारक आपल्याकडे नवीन नाही. साताऱ्याजवळ संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. वाघापासून त्याने महाराजांना वाचवलं, असं तिथले लोक सांगतात. कर्नाटकात आतकूरला तर दहाव्या शतकातला शिलालेख आहे. गंग राजा बूतुगाने लढाईतल्या पराक्रमाबद्दल मनलेर नावाच्या आपल्या योद्ध्याला काही माग म्हटलं, तर त्याने राजाची काळी नावाची कुत्री मागितली. ती रानडुकराशी झुंजली. दोघंही मेली. तिच्या नावाने दगड उभारला आणि जमीनही तोडून दिली.

फोंड्याचा वाचक
बाय, आतकूरचा दाखला दिलास ते उत्तम, पण तो तुझ्या विरुद्ध जातो. काळी मेली त्याच काळात तो दगड कोरला गेला. राजे, लढाई, दान, सगळं त्यावर लिहिलेलं आहे. वाघ्याचं स्मारक महाराजांनंतर अडीचशे वर्षांनी झालं. मोतीवर तुमची माया होती, ती खरीच. पण त्यावरून 1680 मध्ये रायगडावर काय घडलं, ते कसं सिद्ध होणार?

रानवाट (धारबांदोडा)
मी गवळी-धनगर घरातला. त्या स्मारकाला पैसा दिला इंदूरच्या तुकोजीराव होळकरांनी. तुम्हाला तिथे कुत्रा दिसतो, आम्हाला त्याबरोबर आमच्या माणसाचं दानही दिसतं. 2012 च्या ऑगस्टमध्ये काही कार्यकर्त्यांनी पुतळा उखडून दरीत टाकला, तेव्हा आमच्या घरात कुणाला घास गेला नाही. तो परत बसवला म्हणून बरं. 2025 मध्ये संभाजीराजे छत्रपतींनी तो हटवण्याची मागणी केली आणि पुन्हा पोटात गोळा आला. कथेला आधार नाही म्हणता ना? मग तिथे पाटी लावा : ही लोककथा, हे स्मारक 1936 चं, ही देणगी होळकरांची. नव्वद वर्षांचं स्मारक हाही आता इतिहासच झाला.

मांडवीकाठ (डिचोली)
रानवाट, होळकरांच्या दानाचा विचार मी केलाच नव्हता, ही माझी चूक. रातोरात उखडणं मलाही मान्य नाही. जे व्हायचं ते पुरातत्त्व खात्याने, अभ्यासकांना आणि तुमच्या समाजाला समोर बसवून करावं. 2025 मध्ये रायगड जागतिक वारशाच्या यादीत गेला, आता परदेशी माणूसही येऊन हेच विचारणार. पाटी हवीच. पण जागेबद्दल माझं मन अजून वळत नाही. समाधीसमोर उभं राहिल्यावर नजर आधी महाराजांकडे जावी. स्मारक गडावरच, मानाने, थोडं दूर.

रानवाट (धारबांदोडा)
पाटी आधी लागू दे. "थोडं दूर" म्हणजे नेमकं कुठे, ते तिथे उभं राहून ठरवू. पुढच्या वेळी जाताना मला हाक मारा, मी येतो.