मदत हवी आहे: बायबल वाचत इंग्लिश शिकवायला तीन आठवडे जातेय, कोणी केलंय का असं?

नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहू की नको करत होते, आज लिहूनच टाकते. आमच्या चर्चमधून आम्ही सहा जण तीन आठवड्यांसाठी परदेशात मिशन ट्रिपला चाललोय. काम असं की तिथली मोठी माणसं, ज्यांना थोडंफार इंग्लिश वाचता येतं पण बोलायची वेळ आली की तोंडच उघडत नाही, अशांना एकेकाला घेऊन बसायचं, रोज तासभर लूकचं शुभवर्तमान, म्हणजे बायबलमधलं येशूच्या जीवनाचं एक पुस्तक, इंग्लिशमधून वाचायचं आणि त्यावर बोलायचं. वर्ग नाही, फळा नाही, परीक्षा नाही, फक्त दोन माणसं आणि मध्ये एक पुस्तक. देशाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, तिथल्या लोकांना उगाच अडचण नको.

मी शिक्षिका नाही, अकाउंट्समध्ये काम करते. इंग्लिश बरं आहे, पवित्र शास्त्र लहानपणापासून वाचतेय आणि प्रभूवर मनापासून विश्वास आहे, एवढीच शिदोरी.

तर झालं असं की सराव म्हणून मी ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला घेऊन बसले. तिची आणि माझी भाषा वेगळी, त्यामुळे मधली भाषा इंग्लिशच, आणि तिला खरंच बोलणं सुधारायचंय. मी हौसेने लूकचा १५ वा अध्याय काढला, उधळ्या पुत्राचा दाखला (घर सोडून पैसे उडवणारा मुलगा परत येतो ती गोष्ट), माझा सगळ्यात आवडता. पण पुस्तक घेतलं ते घरातलं जुनं किंग जेम्स, म्हणजे जुन्या इंग्लिशमधलं बायबल. त्यात बाप धावत येतो आणि मुलाच्या गळ्यात पडतो ते वाक्य शब्दशः 'मानेवर पडला' असं आहे. तिने ते दोनदा वाचलं आणि घाबऱ्याघुबऱ्या विचारलं, म्हातारा पडला का? लागलं का त्याला? मी समजावलं, मग पुढच्या शब्दाला अडली, मग त्याच्या पुढच्या, अर्धा तास नुसते शब्दांचे अर्थ. गोष्ट तिथेच राहिली. आणि उरलेल्या अर्ध्या तासात मी काय केलं तर देव आपल्यावर कसं प्रेम करतो हे सांगत बसले. ती मान डोलवत होती पण तासभरात स्वतःहून चार वाक्यंही बोलली नाही. घरी येताना मला इतकं वाईट वाटलं, ती बोलायला शिकायला आली होती आणि बोलले मीच.

तेव्हापासून झोप उडालीय. कुठलं भाषांतर न्यावं, चुका कधी सुधाराव्यात, शब्द अडला की काय करावं हे तर आहेच, पण खरी टोचणी वेगळी आहे. समोरचा माणूस इंग्लिशसाठी येणार, मला मात्र मनातून वाटतंय की त्याने येशूला ओळखावं. हे दोन्ही एकाच तासात प्रामाणिकपणे कसं करायचं? त्याने विश्वासाबद्दल काही विचारलं तर किती बोलायचं, आणि नाहीच विचारलं तर गप्प बसायचं का? तीन आठवड्यांत एखाद्याला खरंच काही उपयोग होतो का? अनुभव असेल त्यांनी प्लीज सांगा, कडक बोललात तरी चालेल.

प्रतिसाद १

ताई, मी बरीच वर्षं मोठ्यांना इंग्लिश शिकवतोय. चर्चचं मला फारसं माहीत नाही त्यामुळे शिकवण्यापुरतंच बोलतो.

किंग जेम्स १६११ चं आहे, ते घरीच ठेवा. भाषा सुंदर आहे पण ती शिकून कोणी बँकेत किंवा दवाखान्यात बोलू शकणार नाही. गुड न्यूज बायबल बघा, त्याचा नवा करार १९६६ ला आला आणि पूर्ण बायबल १९७६ ला, ज्यांची मातृभाषा इंग्लिश नाही त्यांनाही समजावं असा विचार करूनच केलेलं आहे. त्याहून सोपं म्हणजे बेसिक इंग्लिशमधलं (मोजक्याच शब्दांची ठरवून सोपी केलेली इंग्लिश), १९४९ चं, ते सगळं मिळून जेमतेम हजार शब्दांत बसवलंय. पण त्यात एक गंमत होते, बेसिक इंग्लिशमध्ये क्रियापदं मोजून अठरा, त्यामुळे तुमच्या दाखल्यातला बाप धावतच नाही, 'लवकर गेला' असं लिहावं लागलंय. सोपं करता करता गोष्टीतला जीव जातो तो असा. म्हणून मी म्हणेन मधलं घ्या, गुड न्यूज. तिथे बाप धावतो.

बाकी तासाचं सांगतो. आधी न वाचता विषयावर दोन प्रश्न, जसं की घर सोडून गेलेलं कोणी ओळखीचं आहे का. मग दहा-बारा वचनं (क्रमांक दिलेल्या ओळी), जास्त नाही. वाचताना मध्ये तोडू नका, वहीत चुका लिहून ठेवा आणि शेवटी त्यातल्या दोन किंवा तीनच सांगा, दहा सांगितल्या तर माणूस उद्या येत नाही. शब्द अडला तर गोष्ट त्याच्यावाचून कळते का ते बघा, कळत असेल तर सोडून द्या. वाचून झालं की पुस्तक मिटायचं आणि त्याला म्हणायचं आता तू मला सांग काय झालं. खरं शिकणं तिथे होतं, तोंड तिथेच उघडतं.

आणि ज्या एका वचनाला तुम्ही अडलात ना, १५ व्या अध्यायातलं २० वं, ते तर शिकवायला सोनं आहे. बघितलं, धावला, मिठी मारली, मुका घेतला, ओळीने भूतकाळ. सॉ, रॅन, थ्रू (थ्रो म्हणजे फेकणे, त्याचा भूतकाळ; मिठी मारली हे तिथे 'हात टाकले' असं येतं), किस्ड. पहिली तीन अनियमित, चौथं नियमित. त्यात 'थ्रू'ला लोक हमखास चुकतात कारण आरपार या अर्थाचा थ्रू तसाच ऐकू येतो. नुसत्या या चारांवर वीस मिनिटं बोलता येतं, तेही व्याकरण हा शब्द न उच्चारता.

वाचकाची पातळी भाषेची पातळी मोजायच्या युरोपच्या त्या ए१ (अगदी नवखा) ते सी२ (तरबेज) पट्टीवर ए२ च्या आसपास तरी हवी. त्याखाली असेल तर लूक नको, चित्रं आणि रोजची वाक्यं घ्या.

प्रतिसाद २

मी ख्रिश्चन नाही आणि स्पष्टच लिहिते, राग मानू नका. अशाच एका मोफत इंग्लिश क्लासला मी गेले होते. पत्रकावर बायबलचा उल्लेख नव्हता. चौथ्या दिवशी पुस्तक बाहेर आलं तेव्हा पुस्तकाचं वाईट वाटलं नाही, आपल्याला फसवलं याचं वाटलं. शिकवणारी मुलगी स्वभावाने इतकी गोड होती, तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर मी राहिले असते. नंतर गेलेच नाही.

त्यामुळे माझं एवढंच म्हणणं, पत्रकावरच लिहा की बायबल वाचून इंग्लिशचा सराव. चार माणसं कमी येतील, येतील ती डोळे उघडे ठेवून येतील. आणि येशूवर विश्वास ठेवा न ठेवा, तास तेवढाच मिळेल हे तोंडानेही सांगा.

प्रतिसाद ३

वरच्या ताई बोलल्या ते अगदी बरोबर, आणि बेटा हे बाहेरून आलेलं मत आहे असं समजू नकोस, ही आपलीच शिकवण आहे. मी अशा ट्रिपना चार वेळा गेलोय, आता वयामुळे जमत नाही.

जागतिक चर्च परिषदेच्या १९५६ च्या एका अहवालात साक्ष देणं, म्हणजे आपला विश्वास सांगणं, वेगळं आणि अयोग्य मार्गाने धर्मात ओढणं वेगळं असं मांडलंय. भौतिक किंवा सामाजिक फायद्याचं आमिष दाखवणं, अडचणीतल्या माणसावर दडपण आणणं, हे साक्षीचं विकृत रूप. पुढे धर्मप्रसाराबद्दलच्या ग्रीसमधल्या कोक्किनाकिस खटल्यात युरोपियन मानवाधिकार न्यायालयाने १९९३ मध्ये याच फरकाचा आधार घेतला. नंतर २०११ मध्ये जागतिक चर्च परिषद, व्हॅटिकन आणि इव्हँजेलिकल अलायन्स या तिघांनी मिळून साक्ष कशी द्यावी याचं एक छोटं निवेदन काढलं, त्यातही फसवणूक आणि बळजबरी नको हे स्पष्ट आहे. निघायच्या आधी तुम्ही सहाही जण एकत्र बसून ते वाचा, फार मोठं नाही.

आता तुझा प्रश्न, किती बोलायचं. मी असं करायचो की वाचकाने विचारलं तरच बोलायचं, दोन मिनिटांच्या आत, आणि सुरुवात नेहमी 'माझा विश्वास असा आहे' अशी. मग लगेच उलटा प्रश्न, तुला काय वाटतं. तो दुसऱ्या धर्माचा असेल, कुठल्याच धर्माचा नसेल, त्याचं म्हणणं पूर्ण ऐकायचं, त्याच्या वाक्याला वाक्य जोडायचं नाही. अगं, मत मांडायला जेवढी भाषा लागते तेवढी भाजी घ्यायलाही लागत नाही, म्हणजे हा इंग्लिशचाच सराव झाला की. जास्त बोलायचं असेल तर तास संपल्यावर, आणि त्याने स्वतःहून थांबायचं ठरवलं तर. नाहीच विचारलं तर? मग लूकने लिहिलंय ते त्याने स्वतःच्या तोंडाने वाचलंय ना. वचनाला आपल्या ढकलण्याची गरज असते असं मला वाटत नाही.

आणि इंग्लिश नीट शिकवणं म्हणजे सुवार्तेच्या आधीची पायरी असं धरू नकोस. रॉबर्ट रेक्सने १७८० मध्ये ग्लॉस्टरला संडे स्कूल सुरू केलं ते आठवडाभर कामाला जुंपलेल्या पोरांना वाचता यावं म्हणून, आणि वाचायला पुस्तक होतं ते बायबल. त्या पोरांना अक्षरं खरोखर आली.

तीन आठवड्यांनी काय उरतं याचंही सांगतो. फ्रँक लॉबाक म्हणून मिशनरी होते, १९३० च्या सुमारास फिलिपीन्समध्ये मारानाव या मुस्लिम लोकांमध्ये त्यांच्याच भाषेत साक्षरतेचं काम करत होते. मंदीत पैसा आटला, शिक्षकांना पगार द्यायला काही उरलं नाही, तेव्हा शिकलेल्या प्रत्येकाने एकाला शिकवायचं असं ठरलं आणि काम थांबलं नाही. तुम्हीही दोन-दोन वाचकांची जोडी लावून या. तुम्ही निघालात की ती दोघं एकमेकांना लूक वाचून दाखवतील, किंवा वर्तमानपत्र, काहीही.

प्रतिसाद ४

घाईत आहे, दोनच गोष्टी. टूरिस्ट व्हिसावर शिकवणं किंवा धार्मिक काम चालतं का हे दूतावासाकडून लेखी विचारून घ्या, 'सगळे असेच जातात' यावर जाऊ नका, अडकलात तर तिथल्या मंडळीला त्रास. दुसरं, मोठ्यांसाठी असलं तरी लोक मुलं घेऊन येतात, कोणीही एकटं लहान मुलाबरोबर खोलीत बसायचं नाही, कायम दोन मोठी माणसं. आणि वाचकांचे फोटो विचारल्याशिवाय टाकू नका प्लीज.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार, मी सगळं दोन-तीनदा वाचलं. प्रतिसाद २ वाल्या ताई, तुमचं वाचून आधी गलबलून आलं आणि मग पत्रकाचा मसुदा काढला. त्यात खरंच नुसतं 'मोफत इंग्लिश संभाषण' असं होतं, बायबल कुठेच नव्हतं. कोणाच्या मनात फसवायचं नव्हतं, पण कोणाच्या लक्षातही आलं नव्हतं. पाळकसाहेबांना दाखवलं, ते लगेच हो म्हणाले, आता पहिल्याच ओळीत लूकचं नाव आहे. व्हिसाचंही पत्र पाठवलंय.

आणि काल परत मैत्रिणीबरोबर बसले. आधी तिला मागच्या वेळबद्दल सॉरी म्हटलं. या वेळी गुड न्यूज घेतलं, तोच अध्याय, ११ ते २४ वचनं. मी वही घेऊन गप्प. 'थ्रू'ला ती अडलीच, तिला वाटलं बाप मुलाच्या आरपार गेला, मी टेबलावरचं पेन तिच्याकडे फेकून दाखवलं, तिने झेललं आणि स्वतःच म्हणाली थ्रो, थ्रू. मग पुस्तक मिटलं आणि म्हटलं आता तू सांग.

तिने सांगितली. मोडकी, थांबत थांबत, सगळे काळ इकडचे तिकडे, पण पूर्ण. आणि शेवटी थांबून मला विचारलं की मुलाने ठरवून ठेवलेलं माफीचं बोलणं बापाने पुरतं ऐकूनच घेतलं नाही, असं का? मी इतक्या वर्षांत हे वचन किती वेळा वाचलं असेल, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. तोंडावर उत्तर आलं होतं, गिळलं, आणि विचारलं तुला काय वाटतं. मग ती जे बोलायला लागली ते दहा मिनिटं थांबली नाही, तिच्या वडिलांबद्दल. ते इथे लिहीत नाही, तिचं आहे. वहीत चुका सतरा लिहिल्या होत्या, दोनच सांगितल्या. परवा परत येते म्हणालीय.

काका, जोडीचं आमच्या टीमला पटलंय, पहिल्या आठवड्यातच जोड्या लावणार आहोत.

सर, एक विचारायचं राहिलं. अध्याय क्रमानेच घ्यावेत का? लूकचे २४ अध्याय आणि आमच्याकडे दिवस पंधराच, शनिवार-रविवार सोडून. मला वाटतंय की दाखले आधी घ्यावेत, १० व्या अध्यायातला चांगला शोमरोनी (जखमी अनोळखी माणसाला मदत करणारा), १५ वा पूर्ण, मग १९ व्यातला झाडावर चढलेला जक्कय, आणि शेवटचे तीन अध्याय सलग. पहिल्या दोन अध्यायांतली गाणी नव्या वाचकाला जड जातील असं वाटतं. तिसऱ्यातली वंशावळ सोडलीच तर चालेल ना? की नावं वाचण्याचाही काही उपयोग होतो?