मराठी शाळा बंद करून सीबीएसई काढायची? आपल्या कॅथलिक शाळा-हॉस्पिटलं नक्की कोणासाठी चालवायची?

आगाशीकर

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितोय, वाचून मनापासून सांगा.

मी वसईतल्या एका धर्मग्रामाच्या (म्हणजे पॅरिशच्या) शाळेच्या सल्लागार समितीवर आहे, प्रापंचिक सभासद म्हणून, म्हणजे फादर-सिस्टर नसलेला. शाळा मराठी माध्यमाची, अनुदानित, सिस्टर लोकांनी चालवलेली. आमच्या वेळी वर्गात निम्म्याच्या वर आपलीच पोरं असायची. आता आपल्यातलं कोणी मराठीत मूल घालत नाही, सगळी इंग्लिश मीडियमला. पटावर आहेत ती पाड्यांवरची वारली मुलं, यूपी-बिहारकडच्या कामगारांची मुलं, आणि दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडून वीटभट्टीवर येणाऱ्या कुटुंबांची, जी शिक्षण हमी कार्ड (स्थलांतरित मुलांना दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मिळतं ते) घेऊन वर्षाच्या मधेच वर्गात येऊन बसतात आणि पावसाच्या तोंडावर परत गावाला जातात. सिस्टर उरल्यात दोन, त्यातल्या एक रिटायरमेंटला आलेल्या. बाकी स्टाफ प्रापंचिक, त्यात अर्ध्याहून जास्त हिंदू.

आता पट कमी झाला, संचमान्यतेत (सरकार पटावरून शिक्षकांची पदं ठरवतं त्यात) पदं जाणार, म्हणून प्रस्ताव आलाय की मराठी शाळा टप्प्याटप्प्याने बंद करायची आणि त्याच इमारतीत स्वयंअर्थसहाय्यित सीबीएसई काढायची. मीटिंगमध्ये मुद्दा असा मांडला गेला की शाळेची कॅथलिक ओळख टिकवायची तर आपली मुलं परत आली पाहिजेत, आणि ती मराठीत येणार नाहीत. हा मुद्दा मला नुसता उडवून लावता येत नाही, कारण बोलणारी माणसं शाळेवर जीव असणारी आहेत. पण फी ऐकली तेव्हा वीटभट्टीवाल्या मुलांचं काय हे कोणीच विचारलं नाही, ते मनात राहिलं.

त्याच महिन्यात एका नातेवाइकाला आपल्याच एका हॉस्पिटलात नेलं. नाव घेत नाही. काउंटरच्या वर मोठा क्रूस आणि त्याच्या खाली पाटी, डिपॉझिट भरल्याशिवाय ॲडमिशन नाही. आमच्याकडे पैसे होते म्हणून निभावलं. मागे एक बाई मुलाला कडेवर घेऊन उभी होती, पाटी वाचून ती गेली.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ मध्ये शिक्षणावर जे पत्रक काढलं त्यात स्पष्ट लिहिलंय की कॅथलिक शाळेने गरिबांची, घरचा आधार नसलेल्यांची आणि ज्यांच्याकडे श्रद्धेची देणगी नाही अशांची खास काळजी घ्यायची. म्हणजे आज आमच्या पटावर जी मुलं आहेत तीच. मग ओळख हरवलीय कुठे? का आपण ती भलत्याच ठिकाणी शोधतोय? शिक्षक, नर्स, नगर-संभाजीनगरकडचे लोक, सगळ्यांनी लिहा.

श्रीरामपूरचा

दादा, तुमचा प्रश्न आमच्याकडे वीस-पंचवीस वर्षांपूर्वीच येऊन गेलाय. नगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) फादर-सिस्टर लोकांनी मराठी शाळा आणि बोर्डिंग काढली ती आमच्यासारख्या दलित ख्रिस्ती घरांसाठी. माझ्या वडिलांच्या पिढीत घरात पहिल्यांदा कोणी मॅट्रिक झालं ते बोर्डिंगमुळे. सकाळी उठून अंगण झाडायचं, प्रार्थना, अभ्यास, शाळा, संध्याकाळी परत अभ्यास, आणि फादर स्वतः कंदील घेऊन फिरायचे. याच भागात हर्मन बाखर नावाच्या स्विस येशूसंघीय (जेझुइट) फादरांनी पाणलोटाचं काम उभं केलं, लोक त्यांना बाखर बाबा म्हणायचे, ते काही शाळेत शिकवत नव्हते, पण माणसं दुष्काळात गाव सोडून जाऊ नयेत म्हणून डोंगर अडवत होते. ते पण मिशनच.

आता बोर्डिंग बंद पडत चाललीत. कारणं खरी आहेत, परदेशातून यायची ती मदत आटली, एफसीआरएचे (परदेशी देणग्यांच्या कायद्याचे) नियम कडक झाले, फादर कमी झाले. पण त्याच वेळी इंग्लिश मीडियमच्या इमारती उभ्या राहिल्या ना. तिथे व्यापाऱ्यांची, बागायतदारांची मुलं येतात आणि आमच्या चर्चमधला शेतमजूर बाप फी ऐकून माघारी येतो. वर १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीची सवलत नाही, म्हणजे सरकारी दार पण बंद. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातल्या कॅथलिक बिशपांनी दलित सक्षमीकरणाचं धोरण जाहीर केलं, त्यात चर्चमध्ये जातिभेद आहे हे कबूल केलंय. कागद चांगला आहे. मला तो ॲडमिशनच्या खिडकीवर दिसायला पाहिजे.

म्हणून माझं म्हणणं तुमच्यापेक्षा थोडं वेगळं आहे. सगळ्यांसाठी शाळा हे बरोबरच, पण "सगळे" म्हणताना आपल्याच चर्चच्या शेवटच्या बाकावर बसणारा सुटतो. सीबीएसई काढा नाहीतर काही काढा, आधी लिहून द्या की किती जागा बिनफीच्या आणि कोणाला.

वर्गशिक्षिका

मी हिंदू आहे आणि गेली बरीच वर्षं एका कॉन्व्हेंटमध्ये गणित शिकवते (पुण्याजवळ, नाव नको). मूल्यशिक्षणाचा तास पण माझ्याकडे आहे. आगाशीकर, तुम्ही लिहिलंत की स्टाफ अर्ध्याहून जास्त हिंदू, ते अडचण म्हणून लिहिलं नसेल पण मीटिंगमध्ये बरेचदा ते अडचण म्हणूनच मांडतात, म्हणून लिहितेय.

मी रुजू झाले तेव्हा मला रजेचे नियम सांगितले, डायरी कशी भरायची सांगितलं, साडीचा रंग सांगितला. ही शाळा कोणी, कशासाठी काढली, संस्थापक सिस्टर कोण होत्या, त्यांना काय हवं होतं, हे मला आजपर्यंत कोणी बसून सांगितलं नाही. वर्षातून एकदा कॅथलिक टीचर्सचं चिंतन शिबिर असतं, त्या दिवशी आम्ही बाकीचे स्टाफरूममध्ये पेपर तपासतो. मला बाप्तिस्मा नकोय आणि कोणी तसं कधी सुचवलंही नाही. पण ज्या कामासाठी शाळा आहे ते काम रोज आम्हीच करतोय, तर त्या कामामागचा विचार आमच्यापर्यंत यायला नको?

एक उदाहरण देते. सातवीतला एक मुलगा सारखा उशिरा यायचा, नियमाने तीन वेळा लेट झालं की घरी पाठवायचं. जुन्या मुख्याध्यापिका सिस्टर होत्या त्यांनी त्याला आत घेऊन विचारलं, सकाळी काय खाल्लंस. आई पहाटे धुणीभांड्याला जायची, धाकट्या बहिणीला अंगणवाडीत सोडून हा यायचा. सिस्टरनी नियम रद्द केला नाही, त्याची वेळ बदलून दिली, आणि आम्हाला सांगितलं की कोणालाही परत पाठवायच्या आधी हा प्रश्न विचारायचाच. त्या बदलून गेल्या. नवीन मॅडम चांगल्या आहेत, शिस्तीच्या आहेत, पण तो प्रश्न आता कोणी विचारत नाही, कारण तो सिस्टरांच्या स्वभावाचा भाग होता, शाळेच्या कामाचा भाग कोणी केलाच नाही. मला वाटतं तुमची ओळख इथे गळतेय.

वॉर्ड नंबर चार

नर्स आहे, कॅथलिक हॉस्पिटलातच ट्रेनिंग आणि बरीचशी नोकरी. डिपॉझिटच्या पाटीवर आधी बोलते. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलांना कायदाच आहे, दहा टक्के खाटा निर्धन पेशंटसाठी फुकट आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत, आणि एकूण बिलिंगच्या दोन टक्के रक्कम गरीब रुग्ण निधीत टाकायची, हायकोर्टाने २००६ मध्ये योजना घालून दिली आहे. ही सगळ्याच ट्रस्टना लागू आहे, कोणत्याही धर्माच्या. तेव्हा "आम्ही वीस टक्के देतो" हे सांगून आपण कॅथलिक ठरत नाही, तिथून पुढे काय करतो ते बघायचं. आणि ती पाटी लावणाऱ्याला विचारा की समाजसेवा अधिकाऱ्याची (गरीब पेशंटची सवलत बघतो तो) खोली कुठे आहे याची पाटी का नाही. गरीब माणूस पाटी वाचून परत जातो, भांडत नाही.

पण हॉस्पिटलची ओळख पैशापुरती नाही, आणि त्यातला अवघड भाग सगळे टाळतात. आमच्याकडे गर्भपात आणि नसबंदी होत नाही. ठीक, तो चर्चचा विचार आहे आणि मी तो मानते. पण तिसऱ्या सिझेरियनला आलेल्या बाईला टेबलवर घेतल्यावर कळतं की इथे "ऑपरेशन" होणार नाही, म्हणजे तिला परत दुसरीकडे पोट उघडायला जावं लागणार. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नावनोंदणीलाच, चौथ्या-पाचव्या महिन्यात, नवराबायको दोघांना बसवून स्पष्ट सांगितलं पाहिजे, काय होतं, काय होत नाही. लपवून ठेवलेल्या तत्त्वाचा त्रास पेशंटला होतो. आणि एक गैरसमज जाता जाता काढते, गर्भ ट्यूबमध्ये असेल तर आमच्याकडे ट्यूब काढतात, आईला मरू देत नाहीत.

दुसरं, आयसीयू. नातेवाईक दागिने गहाण टाकून व्हेंटिलेटर चालू ठेवतात आणि आपले लोक तर वर विचारतात की काढलं तर पाप लागेल का सिस्टर. अहो, पोप पायस बारावे यांनी १९५७ मध्येच भूलतज्ज्ञांपुढे सांगितलं होतं की असाधारण उपाय चालू ठेवलेच पाहिजेत असं बंधन नाही. इच्छामरण वेगळं आणि निरुपयोगी झालेला उपचार थांबवणं वेगळं. आपल्याकडे सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये असा उपचार थांबवायला वाट दिली, २०२३ मध्ये प्रक्रिया सोपी केली. मग कॅथलिक हॉस्पिटलने हे घरच्यांना सगळ्यात आधी आणि सगळ्यात शांतपणे सांगायला हवं, जवळ फादर किंवा ज्याचा त्याचा जो कोणी असेल तो बसवून, वेदना कमी करायची औषधं देऊन. त्याऐवजी बिल वाढत जातं. मी यावर आमच्या इथे बोललेय आणि अजून बोलणार.

कॅथलिक हेल्थ असोसिएशन १९४३ मध्ये सुरू केली ती सिस्टर मेरी ग्लोरी यांनी, ऑस्ट्रेलियन डॉक्टर, १९२० मध्ये गुंटूरला आल्या. तेव्हा सिस्टरांनी डॉक्टरकी करायला चर्चची परवानगीच नसायची, त्यांना पोपकडून खास मिळाली, सगळ्या सिस्टरांसाठी वाट मोकळी झाली ती १९३६ मध्ये. का, तर पडद्यातल्या बाया पुरुष डॉक्टरला दाखवायच्या नाहीत आणि बाळंतपणात मरायच्या. म्हणजे गरज बघून नियम बदलला. आणि त्यांनी स्थानिक मुलींना दाई आणि नर्स म्हणून शिकवलं, सगळं स्वतःच्या हातात ठेवलं नाही. वर्गशिक्षिका ताई म्हणतायत ते हेच आहे.

कलम तीस

कायद्याचं थोडक्यात टाकतो कारण मीटिंगमध्ये लागेल. संविधानाच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना शिक्षणसंस्था काढायचा आणि चालवायचा हक्क दिलाय. कलम २८(३) प्रमाणे अनुदानित किंवा मान्यताप्राप्त शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणाला बसवता येत नाही, म्हणून धर्मशिक्षण आपल्या मुलांना आणि मूल्यशिक्षण बाकीच्यांना, ही पद्धत. एप्रिल २०२४ मध्ये बिशप परिषदेच्या शिक्षण विभागाने शाळांना सूचना काढल्या, इतर धर्माच्या मुलांवर आपल्या प्रथा लादू नका, परिपाठाला संविधानाची उद्देशिका म्हणा, जमल्यास सर्वधर्मीय प्रार्थनाकक्ष ठेवा. काही जणांना ते घाबरून घेतलेलं पाऊल वाटलं, मला ते योग्य वाटतं.

२०१४ च्या प्रमाती निकालाने अल्पसंख्याक शाळा आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) बाहेर राहिल्या, म्हणजे २५ टक्के गरीब मुलांची सक्ती नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाच्याच दोन न्यायाधीशांनी त्या निकालावर शंका घेऊन प्रकरण मोठ्या पीठाकडे जावं म्हणून सरन्यायाधीशांकडे पाठवलंय. २०२१ च्या बाल हक्क आयोगाच्या अहवालात होतं की ख्रिस्ती शाळांमधली ७४ टक्के मुलं इतर समाजांची, आणि अल्पसंख्याक शाळांत मिळून वंचित घटकातली मुलं फक्त ८.७६ टक्के. पहिल्या आकड्याची मला चिंता नाही, दुसऱ्याची आहे. उद्या मोठ्या पीठापुढे आपण काय सांगणार, की सूट हवी कारण आम्ही गरिबांना आमच्या पद्धतीने घेतो? मग ते घेतलेले दिसायला हवेत. तुमची मराठी शाळा बंद झाली तर दाखवायला होतं ते पण जाईल.

आगाशीकर

सगळ्यांचे आभार, प्रिंट काढून ठेवलीय. वर्गशिक्षिका ताई, तुमचं वाचून लगेच चौकशी केली, आमच्याकडेही हिंदू शिक्षकांना शिबिराच्या दिवशी सुट्टी असते. पुढच्या शिबिराला पूर्ण स्टाफ, शिपाई आणि क्लार्कसकट, आणि संस्थेचा इतिहास मराठीतून, हा ठराव मी मांडतोय, सिस्टरांना पटलंय. मराठी शाळेबद्दल माझं ठरलंय, मी बंद करायच्या विरोधात बोलणार. इंग्लिश वर्ग हवेच असतील तर शेजारी काढा आणि त्याच्या फीतून मराठीचे दोन शिक्षक सांभाळा, पदं गेली तरी. श्रीरामपूरचे दादा, बिनफीच्या जागांचं लेखी हवं हे एकदम बरोबर, पण फी माफ करून वह्या-गणवेश-बस कुठून, हा प्रश्न पहिला येणार. तुमच्याकडे बोर्डिंगचं कसं भागवायचे?

श्रीरामपूरचा

धान्यावर भागायचं बरंचसं. सुगीला चर्चमधून प्रत्येक घरातून ज्वारी-बाजरी यायची, ज्याच्याकडे शेत नाही तो सुट्टीत दोन दिवस बोर्डिंगच्या विहिरीवर नाहीतर भिंतीवर काम करायचा, आणि माजी विद्यार्थी नोकरीला लागला की एका पोराचा वर्षाचा खर्च उचलायचा, त्याची वही असायची, नाव आणि पुढे कोणत्या मुलाचा. पैशाचा हिशोब फळ्यावर लिहिलेला असायचा, कोणीही वाचावा. तुमच्याकडे तर माजी विद्यार्थी बँकेत, एअरलाइनमध्ये, गल्फमध्ये आहेत. त्यांची यादी शाळेच्या रजिस्टरमध्येच मिळेल, १९८० पासूनचं काढा आणि मीटिंगच्या आधी दहा जणांना फोन करा. हो म्हणणारे पाच जरी निघाले तरी ते आकड्यासकट समोर ठेवा.

वॉर्ड नंबर चार

आणि आगाशीकर, त्या हॉस्पिटलच्या ट्रस्टींना एक पत्र पण लिहा, समाजसेवा अधिकाऱ्याची खोली आणि वेळ काउंटरवर मराठी आणि हिंदीत लावा म्हणून. कॉपी धर्मादाय आयुक्तांना करायची गरज नाही पहिल्यांदा. पंधरा दिवस थांबा, नाही लावली तर करा.