बाळाची फुफ्फुसं तयार झाली का, ही टेस्ट करावी का?

लातूरची_नणंद: वहिनीला ३३ वा आठवडा चालू आहे, बीपी लै वाढायलंय, डॉक्टर म्हणायलेत डिलिव्हरी लवकर करावी लागंल. कुणीतरी सांगितलं पोटातलं पाणी काढून लॅबला देतेत, त्यात फुफ्फुसाचं कळतं. करावी का? लै टेन्शन आलंय.

नांदेड_लॅबवाला: ताई, टेस्ट आहे खरी. सुईनं गर्भजल काढून लेसिथिन आणि स्फिंगोमायलिन या दोन चरबीसारख्या पदार्थांचं एकमेकांशी प्रमाण बघतात, २ च्या वर असलं की फुफ्फुसं बहुतेक तयार. १९७१ ची पद्धत आहे ही, पाण्यात रक्त मिसळलं तर आकड्यावर भरवसा राहत नाही. आता फारशी कुणी करत नाही, आणि बीपीनं आईच्या जिवाला धोका असंल तर रिपोर्ट कसाही येवो, डिलिव्हरी करावीच लागते.

परभणीची_मावशी: टेस्टपेक्षा स्टेरॉइडचं विचारा गं! डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅमची ४ इंजेक्शनं दर १२ तासाला, आईला देतात पण काम बाळाच्या फुफ्फुसावर करतं. माझ्या भाचीला दिलं होतं. आणि डिलिव्हरी जिथं एसएनसीयू (आजारी नवजात बाळांचा खास विभाग) आहे तिथंच करा, ऐनवेळी बाळाला घेऊन पळापळ नको.

लातूरची_नणंद: इंजेक्शनचं आत्ताच फोन करून विचारते मावशी.